सरस्वती नावाच्या दोघी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोरिवलीच्या घरी गॅसवर दूध ठेवून उभा होतो. त्याची मुलगी मेघा एवढंच म्हणाली, "काका, बाबा उठलेच नाहीत." गॅस बंद केला, शर्ट चढवला आणि रिक्षाने मुलुंडला निघालो. पवई मागे पडली तरी मला रडू आलं नाही. आता त्याला सांगायचं कायमचं राहिलं, हेच सारखं मनात येत होतं... आणि लिहायला लाज वाटते, पण त्यामागून थोडं हायसंही वाटलं. ते हायसं वाटणं फार दिवस टिकलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

मधुकर, माझा दादा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आमचे वडील एकच, आप्पा; आया मात्र दोन. त्याची आई त्याला जन्म दिल्यावर महिन्याभरात गेली. आप्पांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं, ती माझी आई. पहिलीचं सासरचं नाव सरस्वती होतं. घरात तेच नाव चालू राहावं म्हणून माझ्या आईचंही सरस्वतीच ठेवलं. पहिलीच्या माहेरच्यांशी भांडण होऊन येणंजाणं तुटलं. दादाला हे सगळं मुंजीच्या वयात कळलं, पण आमच्याकडे त्यावर कोणी बोलत नसे. आईने आम्हा दोघांना सारखंच वाढलं आणि सारखंच झोडपलं.

वहिनी गेल्यावर दादा एकटा पडला. मेघाने त्याच्या लॅपटॉपवर वंशावळीचं एक सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि म्हातारा त्यात बुडाला. पूर्वीच्या वंशावळीत बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. बायका कुठेच नाहीत. दादाने ठरवलं की प्रत्येक बाईची चौकट आधी तिच्या माहेरच्या नावाने भरायची, सासरचं नाव नंतर. दुपारी चहा झाला की तो नातेवाइकांना फोन लावत बसे. "मधूभाऊंचा फोन म्हणजे तोंडी परीक्षा," असं सगळे म्हणायचे. आमची घाटकोपरची काकू खुदकन हसली आणि म्हणाली, "अरे मधू, मी चंपा रे. मलासुद्धा नवं वाटतंय बोलताना." दादा त्या दिवशी इतका खूश होता की त्याने मला फोन करून दोनदा सांगितलं.

मी महिन्यातून एकदा जात असे. एकदा त्याने मला खुर्ची ओढून शेजारी बसवलं.

"शऱ्या, बघ रे हा लॅपटॉप काय विचारतोय. नवरा एक, नाव एक, या दोघी एकच आहेत का? एकत्र करू का?"

"मग हो म्हण ना. कशाला डोकं शिणवतोस? दाब आणि मोकळा हो."

"एकच कशी रे? एक मला जन्म देऊन गेली. दुसरीच्या हातचं लाटणं आपण दोघांनी खाल्लंय." तो हसला. मग चष्मा काढून पुसत बसला. "त्या मशीनची चूक नाही म्हणा. आप्पांनीच आधी एक करून टाकल्या. पहिलीचं माहेरचं नाव मिळालं ना, की भांडणच मिटलं. तुला कधी कोणी काही बोललं नव्हतं ना रे?"

"नाही," मी म्हणालो.

मला ते नाव ठाऊक होतं. दादाचं लग्न व्हायच्या आधी, एका रविवारी तो बाहेर गेलेला असताना, धोतर नेसलेले एक गृहस्थ दारात आले. हातात आमसुलांची पिशवी. "माझो भाचो खंय आसा? एकदा बघून जातंय," म्हणाले. आई आत गेली ती स्वयंपाकघराचं दार लावूनच. मीच त्यांना चहा दिला. ते म्हणाले, "आमची इंदू ती. तुमी तिका सरस्वती केलात." गाव आचरा, हेही सांगितलं. दादा संध्याकाळपर्यंत येणार होता. मी मात्र त्यांना सांगितलं की तो परगावी गेलाय, आठवडाभर येत नाही. ते पिशवी ठेवून जिना उतरले. नंतर आई दार उघडून म्हणाली, "त्याला सांगू नकोस. मला आई म्हणतो ना तो? मग झालं तर." मी हो म्हटलं. त्या आमसुलांची आमटी दादाने मिटक्या मारत खाल्ली.

आई जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा सांगायला हवं होतं. पण नाव सांगितलं असतं तर त्याने पहिला प्रश्न विचारला असता, तुला कधीपासून ठाऊक? त्या प्रश्नाला मी भ्यालो. मग टाळायची सवयच लागली. तो शोधत राहिला आणि मी शेजारी बसून त्याच्याकडचा चहा पीत राहिलो.

तेरावं झाल्यावर मेघाने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "काका, हे पुढे तुम्हीच बघा. मला नावं कळत नाहीत." मी ती पानं उघडली. दोन सरस्वती शेजारी शेजारी होत्या. पहिलीच्या माहेरच्या नावाची जागा कोरी होती. दादाच्या चौकटीतून मात्र दोन रेघा वर गेल्या होत्या, एक पहिलीकडे, दुसरी माझ्या आईकडे. पहिलीवर त्याने लिहिलं होतं, 'जन्म दिला'. दुसरीवर, 'वाढवलं'. तसं लावता येतं त्यात. आई ज्या गोष्टीला घाबरून दार लावून बसली होती, ती कधी घडणारच नव्हती. तो तिला सोडून कुठेही गेला नसता. मला हे एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं, त्याच्याबरोबर एका ताटात जेवलो होतो मी.

एका बोटाने अक्षरं शोधत मी लिहिलं, इंदू. गाव आचरा. माहिती कोणी दिली, असं खाली विचारलं होतं. तिथे लिहिलं, मामा घरी आले होते, शरदने परत पाठवलं. मेघा मागे उभी राहून वाचत होती. आत जाऊन पाण्याचा ग्लास घेऊन आली, तो माझ्याजवळ ठेवला आणि पुन्हा आत गेली.

मग दादाच्या नावावर गेलो. त्याच्या चौकटीत अजून 'हयात' असंच होतं. ते बदलायला तो नव्हता आणि दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मृत्यूची तारीख आज ना उद्या भरायला लागेल. लॅपटॉप मी बोरिवलीला घेऊन आलोय; मेघा अधूनमधून फोनवर विचारते, "काका, झालं का?" मी म्हणतो, करतो गं. काही दिवस तरी त्या एका ठिकाणी दादा जिवंत आहे आणि वर त्याच्या आईला नाव आहे... तेवढं राहू दे.