देवनहळ्ळी ते मल्लेश्वरम: नर्स नणंदेच्या दारात

माझी मुलगी दीपा यंदा नर्सिंगला लागली. उद्या तिच्या कॉलेजात नवीन पोरी हातात दिवा धरून शपथ घेणार. प्रत्येकीचा दिवा घरातल्या मोठ्या माणसाने पेटवायचा. दीपाला आत्याच हवी. आत्या म्हणजे माझी मोठी नणंद, अक्का. जन्मभर नर्स होती, लग्न झालं नाही. वीस वर्षं आमच्या घरी आलेली नाही, माझ्यामुळे. म्हणून आज रविवारी मीच निघाले.

देवनहळ्ळीहून सातच्या आत बस धरा, नाहीतर हेब्बाळला अडकाल. साध्या बसला बायकांना तिकीट नाही, पण कर्नाटकातलं आधार कार्ड जवळ ठेवा. कंडक्टर ऐकत नाही.

पुढच्या सीटवर दोघी बोलत होत्या. "नर्स आहे मुलगी? मग काय काळजी! जर्मनीचं स्थळ येईल."

मी खिडकीबाहेर बघत बसले. शेतं गेली, प्लॉटचे दगड आले. अक्काच्या वेळी स्थळं दारातूनच परत जायची. नर्स म्हणजे रात्रपाळी, परक्या पुरुषांना हात लावणारी बाई. मीही तेच बोलायचे.

हेब्बाळहून ऑटो. दोनशे सांगितले, वर "स्वल्प जास्ती कोडी, अक्का," म्हणजे थोडे जास्त द्या, ताई.

"का? खांद्यावर नेणार आहेस?" एकशे ऐंशीत आला. मल्लेश्वरमला इडली-कॉफी उभ्यानेच घ्या, जागा शोधत बसू नका. इडली चांगली होती. मी अर्धी तशीच ठेवून निघाले.

अक्काची खोली वर, मागच्या जिन्याने. मी धापा टाकत पोचले.

"पुढचा जिना आहे की, अक्का."

"कोरोनात घरमालकानेही आमच्यासाठी थाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी म्हणाला, सिस्टर, पुढून येऊ नका. तेव्हापासून मागूनच."

भिंतीवर तिचा तरुणपणीचा फोटो, डोक्यावर कांजीची पांढरी टोपी.

"आता टोपी नसते ना पोरींना?"

"नाही."

"बरं झालं. टोपीला मान होता, पण वॉर्डात. रस्त्यावर तीच टोपी बघून लोक शिट्ट्या मारायचे."

मी म्हटलं, "उद्या या. दीपा वाट बघतेय." आणि पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला.

त्याचं कारण सांगते. वीस वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती रात्रपाळी करून थेट माझ्याकडे आली होती. सगळ्या बायकांसमोर मी म्हटलं, "आधी हात धुऊन या, कुठे कुठे लागले असतील." ती धुऊन आली, तोवर मी करंडा आत ठेवला होता.

आज मी कुंकवाचं बोट पुढे केलं. अक्काने कपाळ मागे घेतलं.

"राहू दे, सुमन. हात धुतले नाहीत मी."

मग कपाटातून तिचं घड्याळ काढलं. छातीला उलटं लावतात तसलं, नर्सला मान खाली घालून वाचता येतं. "दीपाला दे. नाडी मोजायला. मी येणार नाही."

परतीला बसायला जागा मिळाली. एवढंच बरं झालं.

घरी दीपाने घड्याळ लगेच लावलं. "आत्या का येणार नाही?"

"गुडघे दुखतात," मी म्हटलं.

मी सातवीपर्यंत शिकलेली. माझं शुद्धलेखन दीपाच तपासते, आणि मगच ब्लॉगवर टाकते. सकाळी हेही तपासेल. दिवा माझ्या हातून पेटवून घ्यायचा का, ते मग तिने ठरवावं.