हिरव्या खिडक्या

सुट्टीला समुद्रकाठी आलं की लोक पाय पसरून बसतात. आमचे हे तसेच. आल्या आल्या गॅलरीतली आरामखुर्ची पकडली, ती काही सोडली नाही. मला मात्र नसत्या चौकशांची खोड. पाण्याकडे उतरत जाणारी दोनतीनशे वर्षांची जुनी गल्ली, आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येक घराच्या खिडक्या निळ्या. तोच एक निळा, जरा इकडे नाही की तिकडे नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा नियमच आहे म्हणे. आणि आम्ही उतरलो होतो त्या घराच्या खिडक्या चक्क हिरव्या!

घरमालकीण निवृत्त शिक्षिका. सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणते. मी विचारलं, "बाई, तुमच्याच खिडक्या हिरव्या कशा हो?"

"वारा येतो ना आत? मग झालं तर," म्हणत त्या कपबशा विसळायला गेल्या.

चहावाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, साखर किती घालू?" कुठेतरी पाणी मुरत होतं, नक्की!

तिसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकाला रंगारीकाका पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन शिडीवर दिसले. चाळीस वर्षं इथलं घरन्‌घर त्यांच्याच हातचं. 'काय नजर आहे त्यांची! जुन्या निळ्याला नवा असा जुळवतात की जोड शोधून सापडायची नाही,' असं बाईच सांगत होत्या. काका भिंत आधी गोड्या पाण्याने धूत, मग तिच्यावर बोट फिरवून ते जिभेला लावत. खारट लागलं की पुन्हा बादली.

"मीठ राहिलं की वर्षात पोपडे धरतात," ते म्हणाले.

"आणि रंग पांढराच का?"

"दोन वर्षं झाली, पांढरंच काम घेतो. वय झालं आता."

तेवढ्यावर गप्प बसले तर ती मी कसली! "काका, बाईंच्या खिडक्या तुम्हीच रंगवल्या ना? मग हिरव्या का केल्यात?"

काकांचा हात थांबला. "हिरव्या? कोणाच्या?"

अख्ख्या गल्लीने दोन वर्षं झाकलेलं मी पाहुणी बाई एका वाक्यात उघडं करून बसले होते. जीभ चावून काय उपयोग?

काका खाली उतरून पायरीवर बसले. "मला हिरवा-निळा दोन्ही सारखेच दिसतात, ताई. लहानपणापासून. रंग आमची ही कालवायची, मी नुसता लावायचो. हे सांगितलं असतं तर कोणी काम दिलं असतं का मला? दोन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा तिने कालवलेले दोन डबे घरात होते. एक बाईंच्या खिडक्यांचा, एक आमच्या दाराचा. कुठला कुठला ते विचारायची लाज वाटली. लावला एक. कोणी काही बोललं नाही, मला वाटलं बरोबर लागला."

डोळे पुसून ते तसेच उठले आणि थेट बाईंच्या दारात गेले. मीही मागोमाग. माझ्यामुळे एका माणसाचं पोट आणि नाव दोन्ही जायची वेळ आली होती, मी कशी थांबणार? काकांनी काही हातचं न राखता सगळं सांगितलं. "निळा डबा घरी आहे. उद्या लावून देतो. पुढे मात्र दुसरा रंगारी बघा."

बाई चिडल्याच. "काहीतरीच काय! आम्हाला वाटलं, दुःखात तुमचं भान सुटलं. मीच सगळ्यांना दटावून गप्प केलं होतं." मग त्यांनी चौकटीवरून हात फिरवला. "म्हणजे हा हिरवा वहिनींनी तुमच्या दारासाठी कालवलेला?"

काकांनी मान डोलावली.

"मग माझ्या खिडक्यांना हात लावायचा नाही. तो निळा तुमच्या दाराला लावा. आणि यापुढे डबे मी बघून देईन. काम सोडायचं नाव काढायचं नाही!"

काकांनीही चौकटीवरून एकदा हात फिरवला.

"लावतो," ते म्हणाले. "पण बाई, एवढं करा. गल्लीत सगळ्यांना सांगा, ती नजर माझी नव्हती. आमच्या हिची होती."