घरच्यासारखं वाटलं

खरं सांगा, तुमी आजवर किती गोष्टींना पाच चांदण्या दिल्यात? न खाता, न वापरता, न वाचता? मोबाईलनं विचारलं 'कसं वाटलं?' आणि तुमचा अंगठा गेला थेट पाचव्या चांदणीवर. 'मपला न्हाई गेला' म्हणणाऱ्यानं पुढं वाचूच नये. त्याच्यासाठी हे लिहिलेलं न्हाई.

पिंगळीच्या सुकेशनीचा अंगठा असाच एकदा गेला, आणि तव्हापासून तिला आरशात नीट बघवत न्हाई.

पिंगळी स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत तिचं पत्र्याचं घर. वय एकतीस. मुक्त विद्यापीठातून बी.ए. झालेली. नवरा सिद्धोधन परभणीत टायरच्या दुकानात कामाला, सकाळच्या गाडीनं जातो, संध्याकाळच्या गाडीनं येतो. गल्लीत सुकेशनीला 'अर्जवाली' म्हणतात. रेशनचं कार्ड अडलं, पेन्शन थटली, पाण्याचा टँकर आला न्हाई, की माणूस तिच्या उंबऱ्यावर. ती कागद मांडीवर घेते आणि समोरचा बोलेल तसा अर्ज लिहिते. मध्ये आपलं शहाणपण घालत न्हाई. "ज्याचा शब्द त्याचा," हे तिचं ब्रीद. एकदा लिंबाजीच्या अर्जात तिनं 'साहेब, तुमी काय मेलात का?' असं जसंच्या तसं लिहिलं होतं, आणि चार दिवसांत काम झालं होतं. तिला या गोष्टीचा लय अभिमान.

याच हातोटीमुळं तिला पुण्याच्या एका कंपनीचं काम लागलं. अभिप्राय गोळा करायचं. कधी साबण, कधी शेतीचं ॲप. गावातल्या माणसांना वस्तू वापरायला द्यायची, त्यांचं म्हणणं मोबाईलवरच्या फॉर्मात भरायचं. यंदा उन्हाळ्यात कंपनीनं खेळाचा डबा धाडला. कुरिअरवाला परभणीच्या पुढं यायला राजी न्हाई, म्हणून सिद्धोधननं तो मांडीवर घेऊन गाडीतून आणला.

खेळ बॉक्सिंगचा. डबा टीव्हीला जोडायचा, दोन्ही मुठीत एकेक दांडकं धरायचं आणि उभं राहून हवेत ठोसे मारायचे. इकडं हात हलला की टीव्हीतला आपला गडी तसाच हात हलवतो. समोर एक टकलू पैलवान. गावानं त्याचं नाव लगेच 'टकल्या' पाडलं. दहा खेळाडूंचे अभिप्राय पाहिजेत, बायका निम्म्या, आणि प्रत्येकाची छोटी चित्रफीत.

रविवारी दुपारी सुकेशनीच्या घरात पाय ठेवायला जागा न्हाई.

पहिला उतरला हरिओम, कॉलेजचा, दंडावर गोंदलेला. तीन मिनिटांत घामाघूम होऊन बसला.

"लिही वैनी. मी मारतो सोमवारी, त्याला लागतंय मंगळवारी. तवर त्यानं मला बुधवारचं बी देऊन ठेवलेलं असतंय."

सुकेशनीनं तसंच लिहिलं.

मग लिंबाजी. रेल्वेत गँगमन होता, आता रिटायर. त्यानं दोन ठोसे मारले आणि दांडकी खाली ठेवली.

"मारलं तर हाताला काहीच लागत न्हाई गं. हे म्हंजी तालुक्याला अर्ज दिल्यावानी झालं."

"मपल्या अर्जाला नावं ठेवायलाव का मामा?"

"तुपल्या न्हाई, तालुक्याला."

कमलबाईनं पदर कमरेला खोचला आणि हारली. दुसऱ्या डावाला पदर सुटला, तो फडकन टीव्हीपुढं गेला आणि डब्याला वाटलं हा तिसरा हात. टकल्या आडवा! सगळं घर खदखदून हसलं. "लिही सुके," कमलबाई धापा टाकत म्हणाली, "का हा खेळ लुगड्यावाल्यांनीच खेळावा. पँटवाल्यांचं काम न्हाई."

आठवी आली नर्मदाबाई. सुकेशनीची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. शाळेत खिचडी शिजवते. अठ्ठावन्न वर्षांची, काटकुळी, बोलायला कमी. तिचा नवरा भुजंग आधी मोंढ्यात, म्हंजी धान्याच्या बाजारात, हमाल होता, आता टपरीवर बसून असतो. दारूला शिवत न्हाई. हे मुद्दाम सांगायला लागतं, कारण आपल्याकडं लोकांना वाटतं, मारणारा पिणाराच असतो.

"व्हिडिओ घेऊ का काकू?"

"घे की. मला काय कळतंय त्यातलं."

तिच्या मुठीत दांडकी दिली. टकल्यानं पहिला हात उचलला.

नर्मदाबाईचे दोन्ही हात तोंडावर गेले. कोपरं छातीशी आवळली, मान खाली, डावा खांदा पुढं, एक पाय मागं. कुणी शिकवलं न्हाई, कुणी सांगितलं न्हाई. टीव्हीवर हिरवी अक्षरं उठली: गार्ड! टकल्या दुसऱ्या बाजूनं आला, ती तेवढीच वळली. गार्ड! पुन्हा गार्ड! तीन डाव झाले. तिनं एक ठोसा मारला न्हाई, पण तिला एकबी लागला न्हाई. हरिओमनं शिट्टी मारली. बायकांनी टाळ्या पिटल्या. "काकू, कुठल्या तालमीत व्हता?" कुणीतरी ओरडलं.

डाव संपला. बायका चपला शोधायला बाहेर गेल्या. नर्मदाबाई खाली बसली, तरी तिचे हात अजून हनुवटीपाशी होते. सुकेशनीनं फॉर्ममधला प्रश्न वाचला. पुण्याच्या मराठीत: "प्रतिस्पर्ध्याने आक्रमण केले असता आपली भावना?"

"म्हंजी?"

"तो मारायला आला तव्हा कसं वाटलं?"

"घरच्यासारखं वाटलं," नर्मदाबाई म्हणाली.

मग आवाज खाली आणून पुढं बोलली, "तो हात उचलायलाय, मी तोंड झाकायलेय. फरक एवढाच, ह्याचा लागत न्हाई. लिही बरं का. तू मी बोलले तसं लिहितीस म्हणं."

सुकेशनीनं लिहिलं: घरच्यासारखं वाटलं.

आणि थांबली.

जागा नव्हती असं म्हणायला तिला तोंड न्हाई. पाचशे अक्षरांचा रकाना होता. पण डोक्यात चक्र फिरलं. हे पुण्याला गेलं तर ते काय म्हणतील? खेळाचं विचारलं तर ही घरचं काय लिहायलीय? भुजंगकाकाच्या कानावर गेलं तर? भिंतीला भिंत, रोज तोंड बघायचं. आणि पुढच्या महिन्याचं काम? तिनं पूर्णविराम दिला. खाली 'बचाव' असा रकाना होता, तिथं पाच चांदण्या लावल्या. 'खेळाडूची परवानगी घेतली आहे' पुढं होय केलं. एक अक्षर बदललं न्हाई तिनं. फक्त पुढचं सोडून दिलं.

असली बेइमानी पकडायला कुठला कायदा हाय, सांगा बरं?

पंधरा दिवसांनी कंपनीची मुलगी फोनवर किंचाळलीच. "मॅडम, तुमच्या आजी सुपरहिट!" कंपनीनं आपल्या पानावर चित्रफीत टाकली होती. हिरव्या लुगड्यातली नर्मदाबाई तोंड झाकून इकडून तिकडं वळते, मागं ढोल वाजतो, वर पिवळी अक्षरं: 'पिंगळीच्या आजींचा पोलादी बचाव. म्हणतात, घरच्यासारखं वाटलं!'

दुपारपर्यंत ती गावातल्या सगळ्या ग्रुपांवर. संध्याकाळी झरीतून सुकेशनीच्या बहिणीचा फोन, "अगं, तुपली शेजारीण आली की आमच्या मोबाईलात!"

सुकेशनीला तव्हा, खोटं कशाला बोला, थोडं बरंच वाटलं होतं.

मग सिद्धोधन संध्याकाळच्या गाडीनं आला. हातपाय न धुताच चुलीपाशी बसला.

"टपरीवर लय गंमत झाली. भुजंगकाका व्हिडिओ दाखवायलेत समद्यांला."

"काकाला आवडला?"

"आवडला म्हंजी! म्हणतेत, अशी बायको तालुक्यात घावायची न्हाई. हरिओम म्हणला, काका, उस्ताद कोण हाय काकूचा? तर काका छातीवर हात मारून म्हणले, उस्ताद मीच! तीस वर्षं तालीम दिलीय रोजची!" सिद्धोधन हसायला गेला आणि त्याचं हसू मध्येच अडकलं. "समदे हसले," तो हळू बोलला. "मी बी हसलो, सुके."

तव्यावरची भाकर करपली तरी ती उठली न्हाई.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती नर्मदाबाईकडं गेली. भुजंग टपरीवर होता. नर्मदाबाई परातीत तांदूळ निवडत बसलेली.

"काकू, मपलं चुकलं. तुमी बोललेलं मी समदं लिहिलं न्हाई."

"मला कळलं," नर्मदाबाईनं वर बघितलं न्हाई. "मोबाईलवर दाखवलं शाळेतल्या बाईंनी. हसू हसू बेजार झाल्या त्या."

"मला वाटलं, तुमालाच तरास व्हईल..."

"सुकेशनी." तिनं बोटानं एक खडा बाजूला केला. "एक विचारू का? तुमच्यात एवढी चटणी कोण खातंय?"

"कसली चटणी?"

"इकडं ह्यानं हात उचलला का तिकडं तुपला मिक्सर चालू व्हतो. आठ वर्षं झाली तू लगीन करून आलीस त्याला. एवढे शेंगदाणे तर मोंढ्यात बी न्हाईत."

सुकेशनीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मिक्सर खरा होता. रिकाम्या भांड्यावर फिरवलेला होता कितीदा. ह्या बाईनं तालुक्याच्या साहेबाला 'मेलात का' लिहिलं होतं, आणि वीतभर भिंतीपलीकडं जायला हिचे पाय आठ वर्षं जड झाले होते.

"मला ऐकू यायचं, काकू," ती म्हणाली.

"ठावं हाय. म्हणून तर त्या दिवशी तुला बोलले. म्हणलं, कानानं जमलं न्हाई, हातानं तरी लिहील. कागदावर आलं असतं का न्हाई, तर मला वाटलं असतं, कुठंतरी नोंद झाली मपली." परात बाजूला सारून ती म्हणाली, "रडू नको. तुपल्या रडण्याचं मी काय करू?"

"ठाण्यात जायचं का? मी येते. मी साक्ष देते."

"फौजदार नको मला. आज तरी नको. मला पाहिजे ते एकच. गावाला दात काढायला मपलं झाकलेलं तोंड दिलंस तू. ते हसणं बंद कर."

सुकेशनी कामाला लागली. याला धाडस म्हणू नका, ती परतफेडसुद्धा न्हाई. कंपनीला अर्ज केला. उत्तर आलं, 'आपला सकारात्मक अभिप्राय नोंदवला आहे, धन्यवाद.' दुसरा केला. मुलीचा फोन आला, "पण मॅडम, किती गोड आहे ती क्लिप!" तिसऱ्या अर्जात सुकेशनीनं नर्मदाबाईला विचारून तिचं बोलणं पुरतं लिहिलं, पहिल्या शब्दापासून 'लागत न्हाई'पर्यंत, आणि खाली लिहिलं की अर्धं मी चोरलं होतं. त्या संध्याकाळी कंपनीच्या पानावरून चित्रफीत गेली. सुकेशनीचं काम बी गेलं.

मग ती घरोघर फिरली. लिंबाजीला चित्रफीत पुसता येत न्हाई, तर त्याचा मोबाईल घेऊन तिनंच पुसली. कमलबाई म्हणाली, "अगं, खेळच तर हाय." सुकेशनीनं तिला जे खरं ते सांगितलं. कमलबाईनं तिथंच माहेरच्या माणसांना फोन लावून त्यांच्या ग्रुपवरची चित्रफीत पुसायला लावली. हरिओम मान वर करीना. टपरीवर भुजंगच्या बाकड्यासमोर उभं राहून सगळ्यांच्या देखत तो एवढंच म्हणाला, "काका, मी उस्ताद म्हणलो, ती मपली चूक झाली." बाकड्यावरचा एकबी माणूस हसला न्हाई. भुजंगनं चहा अर्धा टाकला.

त्याच आठवड्यात, दुपारचे दोन वाजले असतील, भिंतीपलीकडं भांडं आदळलं. सुकेशनीचा हात सवयीनं मिक्सरच्या बटणाकडं गेला. तिथंच तिनं तो आवरला, ओट्यावरची वाटी उचलली आणि जाऊन कडी वाजवली. भुजंगनं दार उघडलं.

"काकूकडं विरजण हाय का?"

भुजंग तिच्याकडं, वाटीकडं बघत राहिला. उठलेला हात दाराच्या चौकटीवर टेकवून उभा राहिला, जसं काही त्यासाठीच उचलला होता. नर्मदाबाई आतून दह्याचा गंज घेऊन आली. सुकेशनी बसली. पाऊण तास बसली. तेव्हापासून ती कितीदा विरजण मागायला गेली, त्याला गणती न्हाई. 'अर्जवालीचं दही काही लागंना,' असं गल्लीत म्हणतेत. म्हणू द्या.

यानं मार थांबला का? थांबला न्हाई. कमी झाला. ज्या दिवशी सुकेशनी गावाला गेलेली असते, त्या दिवसाचं तिला परत आल्यावर नर्मदाबाईच्या चालण्यावरून कळतं, आणि मग तिला जेवण जात न्हाई. साक्षीचा कागद तिनं लिहून ठेवलाय, तारखांसकट. नर्मदाबाई ज्या दिवशी 'चल' म्हणेल त्या दिवशी निघायचं. तोवर घाई करायचा हक्क तिला न्हाई, एवढं तिला कळलंय.

पण चित्रफीत गावाच्या बाहेर गेली, ती पालमला गेली, परभणीला गेली, आणि तिथवर सुकेशनीचे पाय पोचत न्हाईत. म्हणून तुमाला सांगणं. चौदा सेकंदांची हाय. हिरव्या लुगड्यातली एक बाई दोन्ही हातांनी तोंड झाकून वळते, मागं ढोल वाजतो. तुमच्या मोबाईलात असेल. असेल तर हा कागद खाली ठेवा, आधी ती पुसा, आणि ज्यानं तुमाला पाठवली त्याला फोन लावून त्याच्याकडूनही पुसून घ्या.