दामूअण्णांच्या ठिपकेवाल्या गोगलगाई

दामूअण्णांना मी प्रथम पाहिले ते किन्हवलीच्या नाल्याकाठी, एका गोगलगाईची क्षमा मागताना. तिच्यावर त्यांचा पाय पडता पडता राहिला होता. शेतकी खात्याने मला त्यांचा सहायक नेमले होते, आणि असा साहेब पदरी घातल्याबद्दल मी मनातल्या मनात खात्याला चार शब्द सुनावले. आज श्री. दामोदर केळसकर साठ वर्षांचे होत आहेत. ते चार शब्द मी या गौरवग्रंथात जाहीरपणे मागे घेतो.

जिल्हा परिषद तेव्हा नवीकोरी होती. भाताच्या खाचरात तरंगणारे निळे-हिरवे शेवाळ म्हणजे चांगले खत, ते वाफ्यांत वाढवून शेतकऱ्यांना वाटावे, अशी योजना आली. शहापूर-मुरबाडकडे लोक जी घाण म्हणून बांधावर फेकत, ती अण्णा सरकारी खर्चाने पिकवू लागले, तेव्हा गावाला त्यांच्या डोक्याची काळजी वाटली. विश्वास ठेवला तो एकट्या चांगुणाबाईंनी. त्या दिवसभर लोकांच्या शेतावर राबत. नाल्यापलीकडे त्यांची स्वतःची दोन खाचरे होती, पण गोठा रिकामा, त्यामुळे शेणखत नाही. आदल्या वर्षी निम्मे भात पिवळे पडून गेले होते. अण्णांनी त्यांना शब्द दिला होता, “लावणी झाली की शेवाळाची पहिली पाटी तुमची.”

लावणी झाली, श्रावण लागला, आणि वाफ्यांत गोगलगाई शिरल्या. रात्रीत शेवाळ फस्त! मी चुन्याची फक्की टाकू म्हटले. अण्णा कळवळले. “अहो, भूक लागली म्हणून खाल्लं तिनं. त्यात तिचा काय गुन्हा?” मग रोज सकाळी बादलीभर गोगलगाई वेचून नाल्यापलीकडे सोडायचे काम निघाले. बादली अर्थातच माझ्या हातात.

दुसऱ्या दिवशी वाफ्यांत पुन्हा तितक्याच. त्याच की दुसऱ्या, हे कळावे म्हणून अण्णांनी माझ्या चंचीतला चुना घेऊन प्रत्येकीच्या पाठीवर ठिपका दिला. माझी पानाची पंचाईत झाली. पण सकाळी पाहतो तर ठिपकेवाल्या साऱ्या वाफ्यात हजर! अण्णा हरखले. “गोगलगाईला घराची विलक्षण ओढ असते,” असा अहवाल त्यांनी ठाण्याला धाडलासुद्धा. उलट टपाली पत्र आले की मोठे साहेब आठवड्याने पाहणीला येत आहेत, वाफे रिकामे दिसले तर योजना बंद. अण्णांची झोप उडाली. नोकरीची त्यांना फिकीर नव्हती. चांगुणाबाईंना काय तोंड दाखवू, एवढेच ते म्हणत.

त्या संध्याकाळी आमची शहापूरची एस.टी. चुकली आणि भेद फुटला. मजुरीवरून परतलेल्या चांगुणाबाई डोक्यावर पाटी घेऊन आल्या आणि आमच्या देखत त्यांनी ती हळूच वाफ्यात रिकामी केली. पाटीत सगळ्या ठिपकेवाल्या.

“चांगुणाबाई, हे काय?” अण्णा कसेबसे म्हणाले.

“सायेब, तुमची जनावरा रोज माझे खाचरान येतात. मी आपली आनून सोडते.”

“पण माझी कशावरून?”

“ठिपका हाय ना! चुकला ढोर आपुन धन्याचे घरी नेऊन सोडतो, का नाय?”

मी हसून हसून बांधावर बसलो. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी हात जोडून सारा प्रकार सांगितला. चांगुणाबाईंनी कपाळाला हात लावला. “आगो बाय! मंग आदी नाय का सांगायचा? वाफ्याचा पानी मोडा. एके कोपऱ्यान डबका ठेवा. समदी तिकडं जातील.”

तसेच केले, वाफ्यातले पाणी वाहून जाऊ दिले. सगळ्या गोगलगाई डबक्यात गोळा झाल्या. त्या आम्ही लांब नदीवर नेऊन सोडल्या, आणि या खेपेला ठिपका दिला नाही. चार दिवसांत शेवाळाची जाड साय धरली. साहेब आले आणि त्यांनी घरओढ्या गोगलगाई पाहायला मागितल्या. मी अण्णांना खुणेने गप्प बसवत होतो. पण अण्णांनी सगळ्या गावासमोर सांगितले, “अहवाल चुकीचा आहे, चूक माझी आहे आणि उपाय या बाईंचा आहे.” साहेब पोट धरून हसले. योजना टिकली. पहिली पाटी चांगुणाबाईंच्या खाचरात गेली, आणि त्या वर्षी त्यांच्या घरी होळीनंतरही घरचा तांदूळ शिजला.

पुढे अण्णांची बदली समुद्रकाठी झाली. निरोपाला चांगुणाबाई आल्या. त्यांनी माझ्याकडे चुना मागितला आणि अण्णांच्या काळ्या छत्रीवर ठसठशीत ठिपका दिला. “आता कुटं बी गेलाव तरी लोक आनून सोडतील.” त्या दिवशी अण्णा रडले, आणि खरे सांगायचे तर मीही रडलो.

निवृत्तीनंतर अण्णा किन्हवलीतच येऊन राहिले. त्यांना कोणी आणून सोडावे लागले नाही. अण्णांचे गुडघे शाबूत राहोत, नजर साफ राहो आणि रोज सकाळी नाल्यापर्यंतचा फेरा चुकू नये, ही आम्हा सर्वांची इच्छा आहे. छत्री अजून तीच आहे. ठिपका पावसाने धुतला की चांगुणाबाई नवा देतात, आणि चुना अजून माझाच जातो. कधी काळी अण्णांना न्यायला वरून कोणी आलेच, तर त्याने आधी तो ठिपका पाहावा आणि त्यांना मुकाट्याने किन्हवलीत परत आणून सोडावे.