डावीकडचा फळा

त्या वेबसाइटवरचं अक्षर खोटं आहे आणि ते मी एका चित्रकाराकडून करवून घेतलंय, हे एकदाचं सांगून टाकते. लोक अजून कौतुक करतात, 'किती घरगुती वाटतं हो!' म्हणतात. मी नुसती मान डोलावते. दुसरं करणार काय?

तेव्हा पुण्यात ज्याला त्याला वेबसाइट हवी होती. खराडीत आमची लहानशी कंपनी होती, तिच्याकडे काम आलं पिठलं-भाकरीच्या हॉटेलांचं. सहा शाखा, त्यातली पहिली मार्केट यार्डाजवळ. मालक पूर्वी यार्डात हमाल होते. बायको हमालांना भाकऱ्या करून घालायची, त्यातून हॉटेल उभं राहिलं. जुनी वेबसाइट कुणा भाच्याने केलेली. उघडली की झेंडूची फुलं गरगर फिरायची, वर सनई सुरू व्हायची आणि ती काही केल्या बंद व्हायची नाही. जेवायला बोलावताहेत की लग्नाला, कळायचं नाही.

धंदा आता मालकांची मुलगी बघायची. ती म्हणाली, "ताई, सगळं बदला, पण आमचं हॉटेल आमचंच वाटलं पाहिजे." मालक भट्टीपाशी उभे होते. त्यांनी एकच सांगितलं, "हिचं अक्षर तेवढं ठेवा."

हिचं म्हणजे त्यांच्या बायकोचं. ती जाऊन वर्ष झालं होतं. दाराजवळच्या खिडकीशी, डाव्या भिंतीवर काळा फळा असायचा. त्यावर ती रोज सकाळी खडूने त्या दिवशीचे पदार्थ लिहायची आणि खाली स्वतःच्या मनाची एखादी ओळ. कधी गिऱ्हाइकाला टोमणा, कधी महागलेल्या कांद्याला. ती ओळ वाचायला माणसं वाकडी वाट करून यायची. पहाटे शटर उघडलं की देवाच्या दिव्याआधी कालचा फळा ओल्या फडक्याने पुसायचा, हे काम मालकांचं. तिने लिहायचं, यांनी पुसायचं, चाळीस वर्षं. एका सकाळी तिने लिहिलं आणि दुपारी ती गेली. तो फळा मग कुणी पुसला नाही. आत देवांशेजारी टांगला. डाव्या भिंतीवर नवा फळा आला, त्यावर मुलगी लिहायची. तो मालक पुसायचे.

मी पाहिलं तेव्हा वर्षभरात खडू थोडा उडाला होता, पण अक्षर जिवंत होतं. गोल, ठसठशीत, ओळ शेवटी किंचित वर चढलेली. मी तिथल्या तिथे ठरवलं, सगळी वेबसाइट या अक्षरावर उभी करायची. आमच्या मोबाइलला तेव्हा कॅमेरा होता तो नावापुरता. म्हटलं, असला धुरकट फोटो कशाला काढायचा? उद्या सकाळी आठला फोटोग्राफर येतोच आहे. शहाणपणा दुसरं काय!

देवांशेजारी उजेड कमी होता. खिडकीतून सकाळचं ऊन यायचं ते डाव्या भिंतीवर. म्हणून दुपारी स्टुलावर चढून मीच फळे बदलले. तिचा डावीकडे, मुलीचा आत देवांशेजारी. मुलगी खराडीच्या नव्या शाखेत गेली होती, मालक मागे चुलीवर रश्शाशी.

आमच्या कंपनीत एक खूळ होतं. काहीही असो, लेखी द्यायचं आणि गिऱ्हाइकाची सही घ्यायची. मी कागदावर स्वच्छ लिहिलं की फळ्यांची अदलाबदल केली आहे, उद्या डावीकडचा फळा पुसू नये. मालक जेवणाच्या गर्दीत बाहेर आले, त्यांच्या हातात कागद दिला. "यात सगळं लिहिलंय. वाचून सही करा."

त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला, बराच वेळ. "बरं बरं," म्हणाले आणि काउंटरवर टेकून सावकाश, एकेक अक्षर जपून सही केली. मी एक प्रत घेतली, एक त्यांच्या खिशात गेली. तोंडाने दोन शब्द बोलले असते तर माझी जीभ झिजणार होती का?

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा डावीकडचा फळा काळाभोर, ओलसर चमकत होता. मुलगी त्याच्याकडे बघत नुसती उभी होती. मालक उदबत्ती लावत होते.

माझं डोकं फिरलं. वयाचा मान ठेवला नाही, काही नाही. "अहो, लिहून दिलं होतं ना मी! सही केलीत तुम्ही! वाचायला काय झालं होतं?"

त्यांनी खिशातून कागद काढला. घडी तशीच होती. ती उलटसुलट करत राहिले.

मुलगी हळूच म्हणाली, "ताई, बाबांना वाचता येत नाही."

"सही हिनंच शिकवली," ते आतल्या फळ्याकडे बोट करून म्हणाले. "तेवढीच येते."

आई गं! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. त्यांना अजून नीट उमगलं नव्हतं. मुलीने डाव्या भिंतीकडे बोट केलं, मग आतल्या. ते आतल्या फळ्यासमोर जाऊन उभे राहिले.

"म्हंजे हे तुझं?" त्यांनी मुलीला विचारलं. "काल दिवा लावून ह्याच्याच पाया पडलो मी." मग खाली बसले. "चाळीस वर्षं बघतोय हिचं अक्षर. आणि ओळखलं नाही."

मी माफी मागत होते, रडत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रागाने नव्हे, मी तिथे आहे हेच त्यांना आठवत नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांनी मुलीला विचारलं, "काय लिहिलं होतं शेवटी?"

वर्षभरात हे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर वाचता येत नाही हे कळलं असतं ना, आणि मुलीला ते कधीचंच कळलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मुलगी डोळे पुसत म्हणाली, "पिठलं, भाकरी, ठेचा. आणि खाली, 'मालक आज रुसलेत. मुकाट जेवावं, समजूत मी काढीन.'"

ते हसले. खरंच हसले. "तरीच त्या दिवशी लोक माझ्याकडं बघून हसत होते."

मग पदर नाही म्हणून खांद्यावरचं फडकं तोंडाशी धरलं. त्यातूनच बोलले, "रुसलो नव्हतो गं मी. दाढ दुखत होती. सांगायचं राहिलं तिला."