दुसरा फोन

न्यूजरूममध्ये साहेबांचं नाव पडलं होतं ‘दुसरा फोन’. कुणी गेल्याची बातमी आली, की काचेच्या केबिनमधून साहेब ओरडायचे, "दुसरा फोन केलास का रे?" खात्री करायचा तो फोन केला नसेल, तर बातमी जागच्या जागी थांबायची. उमेदवारीच्या काळात त्यांनी एका धडधाकट नटाला बुलेटिनमध्ये मारून टाकलं होतं. त्या नटानेच फोन करून विचारलं, "मग मी आता जेवू की नको?" तेव्हापासून हा गडी ताकही फुंकून प्यायला लागला. टेपा पोचवण्यापासून सुरुवात केली, मग बातमीदार, मग डेस्क, मग वृत्तसंचालक. एवढ्या वर्षांत त्यांनी गेला म्हटलेला माणूस पुन्हा उठून बसला नाही. घराघरांत लोक म्हणायचे, यांच्याकडे आलं ना, मग खरंच.

एकदाच चुकले. पण कुठे चुकावं माणसाने!

त्या दुपारी कारखान्यात बॉयलर फुटला. दुसरं चॅनेल धडाधड नावं देत सुटलं होतं. मालकांचा फोन आला, "तुम्ही काय मुहूर्त बघताय? लोक तिकडे पळाले!" गेटवरच्या बातमीदाराने सहा नावं वाचून दाखवली होती. इस्पितळात फोन लावून विचारायचं तेवढं राहिलं होतं. साहेब म्हणाले, "चालवा."

स्टुडिओत मेकअपताई निवेदिकेला पावडर लावत होती. समोरच्या पडद्यावर पट्टी सरकली आणि चौथं नाव मेकअपताईच्या नवऱ्याचं आलं. साहेब धावत खाली आले, तिला स्वतः गाडीत बसवलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "थेट इस्पितळाच्या शवागाराकडे ने."

तिथल्या बाकावर ती तीन तास बसून राहिली. ओळख पटवायला रांग होती. आणि नवरा त्याच इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर, जिवंत! नर्सला सारखा विचारत होता, "ती आली का?" साडेचारला गेला बिचारा. नर्सनेच नंतर तिला हे सांगितलं.

चॅनेलने पट्टीवरचं ‘जागीच ठार’ गुपचूप बदलून ‘उपचारादरम्यान मृत्यू’ केलं. त्या आठवड्यात टीआरपी वाढला आणि मालकांनी साहेबांना सगळ्या चॅनेलचं प्रमुख केलं. अशा वेळी वाटतं, जगात न्याय आहे म्हणणाऱ्याच्या एक थोबाडीत ठेवून द्यावी. ताई महिन्याने कामावर आली. म्हणाली, "इस्पितळानेच तुम्हाला चुकीचं सांगितलं असणार, साहेब. तुमचा काय दोष?" साहेब मूग गिळून बसले, ते अकरा वर्षं. मेकअपच्या खोलीवरून जाताना त्यांची मान खाली असायची.

निवृत्तीच्या दिवशी त्यांची मुलाखत होती. सकाळी बायकोला म्हणाले, "आज तिला सांगून टाकतो."

"तुमच्या डोक्यावरचं ओझं तिच्या डोक्यावर कशाला?" बायको म्हणाली. पण ऐकतील तर साहेब कसले.

ताईने त्यांना खुर्चीत बसवलं, गळ्याशी कापड खोचलं. गालाला पावडर लावायला घेतली, तेव्हा साहेब म्हणाले, "ताई, इस्पितळाने काही सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं."

एका गालाला लावून झाली होती; तिने पफ डबीत ठेवला.

"शेजारीण धावत आली होती तिथे, शवागारापाशी," ती म्हणाली. "म्हणाली, आधी वॉर्डात बघून येऊ. मी तिच्यावरच खेकसले. म्हटलं, आमच्या साहेबांनी दिलंय, ते चुकायचं नाही."

ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"किती वेळ लागला असता हो, त्या फोनला?"

"दोन मिनिटं."

ताईने पावडरची डबी बंद केली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. "उरलेलं तुमचं तुम्ही लावा," म्हणाली, आणि पिशवी उचलून निघून गेली.

मुलाखत वेळेवर सुरू झाली. साहेबांच्या एकाच गालाला पावडर होती. निवेदिकेने पहिलाच प्रश्न विचारला, "सर, लोकांनी तुमच्यावर एवढा विश्वास का ठेवला?"