त्याला ‘उत्कृष्ट’ कोणी म्हटलं?

माझा स्वभाव संशयी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. रिक्षाच्या मीटरवर नजर ठेवत पुण्यात वाढलेला माणूस केवळ व्हर्जिनियात आला म्हणून भोळा होत नाही. हर्नडनला आमची लहानशी कंपनी होती. एका सरकारी खात्याची जुनी संगणकप्रणाली आम्ही वर्षानुवर्षं सांभाळत होतो. कंपनी त्या एका कंत्राटावर उभी होती, आणि आमच्याकडच्या मुलामुलींचे संसार कंपनीवर. कंत्राटाची मुदत संपत आली तशी खात्याने नव्याने निविदा मागवल्या. काम आम्हालाच मिळणार याबद्दल ऑफिसात कुणालाही शंका नव्हती. मला होती, पण मला ती कायमच असते.

काम गेलं. आणि गेलं कुणाकडे, तर आमच्याकडेच तयार झालेल्या एका नागपूरच्या मुलाकडे. आमची नोकरी सोडून त्याने स्वतःची कंपनी काढली होती. त्याला हात द्यावा म्हणून आम्ही आमच्या कामातला एक तुकडा पोटकंत्राट म्हणून त्याच्याकडे दिलाही होता. तो त्याने असा रखडवला की आमच्या माणसांनी सुट्ट्या खर्ची घालून तो निस्तरला. त्या दिवसांत घरी पहिल्या घासापासून मी त्याचा उद्धार करायचो. “बाहेर कुठे बोलू नका हं,” बायको म्हणायची. “आपलाच मुलगा आहे.” ते तिने सांगायची गरज नव्हती. परक्यांपुढे आपल्या माणसाची अब्रू काढायची नाही हे मलाही कळतं. खात्याला आम्ही त्या गोंधळाचा पत्ताही लागू दिला नाही.

इथलं सरकार काम देताना तुमची मागची कामगिरी बघतं आणि तिला शेरा देतं. आम्ही हरलो ते त्याच शेऱ्यावर. कारणं समजावून द्यायला खात्याच्या बाईंनी आम्हाला बोलावलं. या बाई प्रत्येक मीटिंगमध्ये ‘तुम्ही लोक कमाल आहात’ म्हणायच्या. त्यांनी हसतमुखाने सांगितलं की आमची कामगिरी ‘समाधानकारक’ होती आणि त्याची ‘उत्कृष्ट’.

“त्याला उत्कृष्ट कोणी म्हटलं?” मी विचारलं.

“ते मला सांगता येणार नाही,” बाई म्हणाल्या, आणि पुन्हा हसल्या.

इतकं गोड हसणाऱ्या माणसावर माझा कधीच विश्वास बसलेला नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. कुणीतरी त्याची खोटी भलामण केली होती, आणि त्याच तोंडाने आमच्याबद्दल वाईट सांगितलं होतं. मी खात्याच्या निवडीविरुद्ध तक्रार नोंदवायचं ठरवलं.

वकील गोरा, उंच, कमी बोलणारा होता. तक्रारीत दोन मुद्दे घेऊ, असं तो म्हणाला: आम्हाला दिलेला शेरा कमी आहे, आणि त्याला दिलेला फार आहे. मग त्याने इथला नियम सांगितला. खात्याची फाइल फक्त वकिलांना दाखवतात, आणि तीही शपथेवर. आत काय आहे ते वकिलाने अशिलालाही सांगायचं नाही. म्हणजे माझ्याबद्दल कोण काय बोललं ते माझा वकील वाचणार, आणि मी बाहेर बसून त्याचं तोंड बघणार! असला कायदा करणाऱ्याने संशयी माणसं कधी पाहिलीच नसावीत.

मग मी खरंच त्याचं तोंड बघू लागलो. फाइल वाचून झाल्यावर त्याने मला बोलावलं. माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “दुसरा मुद्दा सोडून देऊ या. पहिल्यावरच जोर देऊ.”

“का?”

“ते सांगता येणार नाही. पण माझा सल्ला तसा आहे.”

“निदान एवढं सांगा, बोलणारा माणूस आमच्यातला आहे का?”

त्याने पाण्याचा पेला उचलला आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, वकील फितला. ती म्हणाली, “तुम्हाला उद्या माझाही संशय येईल.” खरं सांगायचं तर आदल्या आठवड्यात ती त्या मुलाच्या बायकोशी फोनवर बोलत होती, हे माझ्या लक्षात होतं.

तशात मंडळाचा गणपती आला. शाळेच्या हॉलमध्ये आरती झाली आणि तो मुलगा सरळ माझ्याकडे आला, वाकून पाया पडला. “काका, बिझनेस आपल्या जागी, पण तुम्ही माझे गुरू आहात यार. तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर.” उपकार! मला ती सरळ टिंगल वाटली. त्याच्या बायकोने माझ्या ताटात आग्रहाने आणखी एक मोदक वाढला. तो मी खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी वकिलाला फोन करून बजावलं, दुसरा मुद्दा सोडायचा नाही. त्याची स्तुती कोणी केली ते चव्हाट्यावर आलंच पाहिजे. तो म्हणाला, “ठीक आहे. तुमची मर्जी.”

तक्रारीचा निवाडा एके दुपारी आला, गुप्त मजकुरावर तेवढ्या काळ्या पट्ट्या ओढून. मी तो ओट्याशी उभा राहूनच वाचायला लागलो. पहिल्या मुद्द्यावर म्हटलं होतं की आम्ही सांगितलेलं काम नीट केलं, पण त्यापलीकडे विशेष काही केल्याचं खात्याला दिसलं नाही, म्हणून ‘समाधानकारक’. कसं दिसणार? सुट्ट्या घालून निस्तरलेलं काम आम्हीच लपवलं होतं. दुसरा मुद्दा चारच ओळींत निकालात काढला होता. त्या मुलाची स्तुती ज्या एका फोनवर आधारलेली होती, तो खात्याने तक्रारदार कंपनीच्या प्रमुखालाच केला होता. प्रमुखांनी सांगितलं होतं, ‘उत्कृष्ट. यांना आम्ही डोळे मिटून पुन्हा काम देऊ.’ आता त्याच प्रमुखांनी हा शेरा अवाजवी म्हणावा, हे पटण्यासारखं नाही. तक्रार फेटाळण्यात येत आहे.

प्रमुख म्हणजे मी.

तेव्हा तो फोन आठवला. इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये होतो, एका हातात मेथीच्या जुड्या. खात्याच्या कुठल्याशा माणसाने विचारलं, यांनी तुमच्या हाताखाली काम केलंय, कसं होतं? तो कशासाठी विचारतोय, हे मी विचारलंही नाही. मी, जो दूधवाल्याच्या मापावरही संशय घेत मोठा झालो! परका माणूस आपल्या मुलाबद्दल विचारतोय म्हटल्यावर तोंडातून आपोआप कौतुक बाहेर पडलं. मेथी गाडीत टाकली आणि फोन विसरून गेलो.

मी तसाच खाली बसलो. राग कुणावर काढावा ते कळेना. आपलेच दात, आपलेच ओठ. 

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. काम त्याच्याकडे जाणार म्हणजे आमची माणसंही त्यालाच लागणार. कुणाला घ्यायचं ते ठरवायला तो एकेकाचं विचारू लागला. इथे मात्र मला खोटं बोलायची गरज नव्हती. ती मुलं गुणी होती, त्यांची कर्जं होती, व्हिसे होते, आणि कुणी मागे राहायला नको होतं. मी सांगत गेलो, ही हुशार आहे, हा मेहनती आहे, हिच्यावर डोळे मिटून काम सोपव.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी अदबीने म्हणाला, “काका, राग नका मानू. मी आपलं विचारून राहिलो. खरंच चांगले आहेत, की तुम्ही माझ्याबद्दल सांगितलं होतं तसं?”

“खरंच चांगले आहेत,” मी म्हणालो.

“नक्की ना?”

“अरे, नक्की!” मी ओरडलो. मी ओरडतोय म्हणजे काहीतरी लपवतोय, असंच त्याला वाटलं असणार. त्याच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.